‘शेपटी लोंबली गाडीवर!’

पत्र: ताई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिवणकाम करते, सासूबाई विड्या वळतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि मुलाच्या शाळेत इंग्रजी. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. माझ्या बहिणीने त्याला यमकांचं एक चित्रांचं पुस्तक दिलं. तेव्हापासून रोज रात्री तेच पुस्तक. मी एक ओळ गाळली तरी रडून गोंधळ घालतो, आणि स्वतः मात्र ओळी बदलतो. पुस्तकात ‘मांजर चढलं माडीवर, शेपटी लोंबली साडीवर’ असं आहे. हा म्हणतो ‘गाडीवर’, मग ‘बाडीवर’, मग ‘फाडीवर’, आणि लोळून हसतो. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, या अर्थ नसलेल्या बडबडीपेक्षा अक्षरं गिरवून घ्या. मला भीती वाटते की तीन भाषांत त्याचा गोंधळ उडेल. माझं शिक्षण तेलुगू माध्यमात सातवीपर्यंत झालं. मराठी वाचताना मी अडखळते, चालीत वाचता येत नाही. सासूबाईंना तर वाचताच येत नाही. तो एका जागी बसतही नाही. मी हे पुस्तक चालू ठेवू का? दुसरं आणू का? – एक आई, सोलापूर

ताई, ‘फाडीवर’पाशी मीही मोठ्यानं हसले. पुस्तक चालू ठेवा. अगदी निर्धास्तपणे ठेवा. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा मुलगा काय करतोय हे तुमच्या लक्षात आलं तर बाकीच्या बऱ्याच शंका आपोआप गळून पडतील.

‘माडीवर’ आणि ‘साडीवर’ हे दोन शब्द त्यानं रोज ऐकले. त्यातलं ‘आडीवर’ एवढं सारखं आहे हे हेरलं. ते तसंच धरून ठेवलं आणि सुरुवातीचा आवाज तेवढा बदलून बघितला. गाडीवर बसतं. मग बाडीवरही बसतं की! शब्दाचे तुकडे करता येतात, एक काढून दुसरा लावता येतो, हे त्याला कळलं आहे, आणि हे त्याला कुणीही शिकवलेलं नाही. लहान मुलाला साडी म्हणजे आजीच्या अंगावरची साडी. तो शब्द साडीपासून सोडवून नुसता आवाज म्हणून हातात घ्यायचा, ही मोठी उडी आहे. ‘फाडीवर’ला काही अर्थ नाही हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तो लोळतो. अर्थ कुठं संपतो हे ज्याला ठाऊक नसतं, त्याला निरर्थक शब्दाचं हसू येत नाही.

या कानाचा वाचनाशी काय संबंध, यावर बराच अभ्यास झालेला आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना अजून वाचता येत नव्हतं अशा मुलांना ते काही शब्द ऐकवायचे आणि त्यातला वेगळ्या आवाजाचा कोणता ते विचारायचे. ती मुलं पुढे शाळेत कशी वाचतात ते त्यांनी काही वर्षं पाहिलं. लहानपणी ज्यांचा कान सारखे आवाज पकडत होता, ती पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये सरस निघाली. १९८९ मध्ये ब्रायंट यांच्याच गटानं तीन वर्षांच्या मुलांना बडबडगीतं कितपत येतात याचाही असाच माग काढला. मुलांची हुशारी, घरची परिस्थिती, सगळं हिशेबात धरूनही बडबडगीतांचा आणि पुढच्या वाचनाचा संबंध शिल्लक राहिला.

हे अभ्यास इंग्रजीतले आहेत. आपल्या लिपीची चाल थोडी वेगळी आहे. आपलं एकेक अक्षर म्हणजे साधारण तोंडातून निघणारा एक ठोका, त्यामुळे आपल्या मुलांना आधी ठोके ऐकू यावे लागतात. पण यातही एक गंमत आहे. ‘चटणी’ लिहिताना अक्षरं तीन, बोलताना ठोके दोनच: चट-णी. ‘भाकरी’चंही तसंच: भाक-री. मूल टाळ्या वाजवत बोललं तर ‘चटणी’ला दोनच टाळ्या वाजवील आणि ते बरोबर असेल. तिसरी टाळी कुठं गेली असं त्याला विचारू नका. उद्या तो वाचायला लागला की च, ट, णी अशी तीन अक्षरं जोडून त्याला ‘चटणी’ असा बोलण्यातला शब्द ओळखावा लागेल. ज्याच्या कानात तो ठोका आधीच बसलेला आहे, त्याला ते लवकर जमतं.

आता तेच ते पुस्तक. तुम्ही कंटाळलात, ते साहजिक आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला पहिल्या वेळी फक्त मांजर दिसतं. पुढच्या खेपेला साडी, मग दोरी, मग कोपऱ्यातला उंदीर, आणि मग कधीतरी पुढची ओळ आईच्या आधी त्याच्याच तोंडून निघते. तो आनंद त्याला रोज हवा असतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना आठवडाभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे सारखेच आणि तितक्याच वेळा येत होते. एकच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. त्यामुळे ओळ गाळल्यावर तो रडतो तेव्हा हट्ट समजू नका. पुस्तक त्याचं आहे आणि ते पूर्ण मिळावं असं त्याला वाटतं. स्वतः शब्द बदलतो हा त्याचा खेळ आहे, आणि खेळायला मूळ ओळ जागच्या जागी असावी लागते. फार दमला असाल तर गुपचूप पानं उलटू नका. ‘आज दोनच पानं हं’ असं आधी सांगा आणि ती दोन पूर्ण वाचा.

तुमच्या अडखळण्याबद्दल. ताई, मुलाला तुमचा आवाज हवा आहे, आणि तो आवाज त्याला जन्माआधीपासून ओळखीचा आहे. अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी १९८६ मध्ये गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज एकच मजकूर मोठ्यानं वाचायला सांगितला होता. जन्मल्यावर त्या बाळांना दोन वेगवेगळे मजकूर ऐकवले, तर पोटात असताना ऐकलेला मजकूर ऐकण्याकडे त्यांचा जास्त ओढा होता. इतक्या आधी कान तयार होतो. अडखळलेलं वाचन त्याच्या कानाला खटकत नाही, तुम्हालाच खटकतं.

तरी चाल बसवायची असेल तर एक सोपी युक्ती. दुपारी मशीन बंद असेल तेव्हा पुस्तक एकदा एकटीनं मोठ्यानं वाचा, मांडीवर हातानं ठेका धरून. ही ओळ घ्या, मीच तुमच्यासाठी जुळवली आहे:

कडक भाकरी कडाड मोडली,
चटणी म्हणाली, ‘मी नाही तोडली!’
दही हसलं खुदुखुदु,
वाटीतून सांडलं बुदुबुदु.

प्रत्येक ओळीत चार ठेके. कडक, भाकरी, कडाड, मोडली. पुढच्या ओळीत ‘मी नाही’ हे दोन शब्द एकाच ठेक्यात घ्यायचे, म्हणून तिथं जीभ जरा पळते. तिसऱ्या ओळीत ‘खुदु’वर एक आणि परत ‘खुदु’वर एक. हात चालू राहिला की जीभ त्याच्यामागे जाते, तुम्हाला वेगळी चाल लावावी लागत नाही. ‘कडाड’ला मोठा आवाज, ‘खुदुखुदु’ला बारीक. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून शेवटच्या शब्दाआधी थांबा. ‘चटणी म्हणाली, मी नाही...’ आणि गप्प. त्याच्या तोंडाकडे बघा. तो ‘तोडली’ म्हणेल, ‘फोडली’ म्हणेल, नाहीतर ‘सोडली’. तिन्ही शाबास. ही थांबण्याची जागा म्हणजे यमकांच्या पुस्तकाचा जीव आहे असं मी मानते, आणि बरेच आईबाप ती भरभर वाचण्याच्या नादात घालवतात.

पुस्तकाची मजा घालवणारी दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. ‘हा कोणता प्राणी? याचा रंग कोणता? सांग की, काल सांगितलं होतं ना!’ पानापानावर असं विचारलं की मांडीवरचं पुस्तक वर्गातलं पुस्तक होतं आणि मूल उठून जातं. त्याऐवजी तुम्हीच नवल करा. ‘अगंबाई, ही शेपटी केवढी लांब!’ एवढं म्हणून थांबा, तो बोलेल. नाही बोलला तर पान उलटा.

एका जागी बसत नाही, हे या वयात ठीक आहे. त्याला खोलीभर नाचू दे, तुम्ही वाचत राहा. मांजर माडीवर चढतं तेव्हा तो पलंगावर चढला तर त्याला ओळ कळली आहे. तो मधूनच चार पानं एकदम उलटेल, पुस्तक उलटं धरेल. धरू दे.

आता भाषांचं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेली माणसं तुमच्या आजूबाजूला भरपूर आहेत. अशोक चौकातल्या किराणा दुकानात पाच मिनिटं उभ्या राहा, एकच माणूस तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलताना दिसेल. मुलं सुरुवातीला एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळतात. ते गोंधळाचं लक्षण नाही, हाताशी असलेला शब्द वापरणं आहे, आणि ते पुढे आपोआप वेगळं होतं.

मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मनापासून बोलायची आहे. तुम्ही तेलुगू माध्यमात शिकलात. म्हणजे तेलुगू तुम्हाला न अडखळता वाचता येतं! मग घरात मराठी पुस्तकाबरोबर एखादं तेलुगू चित्रपुस्तक का नाही? त्यात तुमचा ठेका तुम्हाला शोधावा लागणार नाही. तेलुगूत पिल्ली, बल्ली, तल्ली म्हणत तो तोच खेळ खेळेल: मांजर, पाल आणि आई एका ओळीत! तेलुगू आणि कन्नडच्या जुन्या पद्यांत तर प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जुळवायची रीत आहे, मराठीत आपण बहुतेक ओळीचा शेवट जुळवतो. दोन्हीकडचं ऐकणाऱ्या मुलाचा कान दोन्ही बाजूंनी तयार होतो.

आणि सासूबाई. त्यांना वाचता येत नाही हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंत. चित्रांच्या पुस्तकात निम्मं काम चित्रं करतात. संध्याकाळी तंबाखूचं सूप बाजूला ठेवून, हात स्वच्छ धुवून त्या नातवाला मांडीवर घेऊ देत आणि पुस्तक त्यांच्या हातात द्या. त्या चित्र बघून तेलुगूत काय सांगतील ते सांगू देत. मांजर वर का गेलं, साडी कुणाची, आता कोण ओरडणार. त्यांच्या आईनं त्यांना म्हटलेलं काहीतरी त्यांना नक्की आठवेल. ते छापलेलं नाही, त्यांच्याबरोबरच आहे, म्हणून ते मुलाच्या कानावर आत्ताच पडायला हवं. एक काळजी फक्त घ्या: ‘अत्तम्मा, तसं नाही, पुस्तकात असं लिहिलंय’ असं त्यांना मध्येच म्हणू नका. तुमच्या तोंडची ओळ पुस्तकातली, त्यांच्या तोंडची गोष्ट त्यांची. मुलाला हा फरक बरोबर समजतो. थोड्या दिवसांनी तोच आजीला मराठी ओळी ‘वाचून’ दाखवील, बोट फिरवत, सगळं पाठ. त्याला ‘हे वाचणं नव्हे’ असं म्हणू नका. पुस्तकातल्या खुणांतून दर वेळी तेच शब्द निघतात हे समजणं, ही वाचनाची पहिली पायरी आहे.

शाळेतल्या मॅडमशी भांडू नका. मुलाला रोज त्यांच्याकडे जायचं आहे. पण एवढं माहीत असू द्या की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात भर खेळातून, कृतीतून शिकण्यावर आहे. साडेतीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल धरून ओळीत अक्षर काढणं जड जातं. तुम्ही भाकऱ्या थापता तेव्हा त्याला पिठाचा गोळा द्या, रांगोळीच्या पिठात बोटं फिरवू द्या. हात तयार होईल. मॅडमना सांगा, घरी रोज पुस्तक वाचतो. ते खरंच आहे.

फोनवर गाणी लावून दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कुणीतरी सुचवेलच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तितकं बरं. फोन ‘मी नाही...’पाशी तुमच्या मुलासाठी थांबत नाही. तो शब्द हुकला तरी गाणं पुढे जातं.

पुस्तकाशिवायही हे चालू ठेवा. पाणी सुटलं की सगळी धावपळ असते, तेव्हा म्हणा, ‘नळाला पाणी आलं धो धो, बादली म्हणते...’ आणि त्याला पुरं करू द्या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जाल तेव्हा होम मैदानावरचा पाळणा बघून दोन ओळी जुळवा. वाईट जुळल्या तरी त्याला त्याच आवडतील, कारण त्यात त्याचं नाव असेल.

दुसरं पुस्तक जरूर आणा. निवडताना दुकानात उभं राहून दोन पानं हळू आवाजात वाचा. जीभ जिथं तिथं अडकली, यमक जुळवायला ओढूनताणून शब्द घातला असेल, तर ते परत ठेवा. दुसऱ्या भाषेतून आणलेल्या यमकांच्या पुस्तकात हे फार होतं. अर्थ येतो, ठेका मागे राहतो. शक्यतो मूळ मराठीत किंवा मूळ तेलुगूत लिहिलेलं घ्या. चित्राकडेही बघा. ओळीत नसलेलं काहीतरी चित्रात असावं, कोपऱ्यात लपलेल्या एखाद्या उंदरासारखं. ओळ सांगते तेवढंच चित्रात असेल तर ते लवकर शिळं होतं. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून भारतीय भाषांत परवडतील अशी पुस्तकं काढतं, ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी बालपुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि तेलुगू दोन्हीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. चार पानांची रंगीत प्रिंट काढून शिवून द्या, मशीन तर घरातच आहे. आणि गावात जाल तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयात डोकावून मुलांसाठी काय आहे ते विचारा.

एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. हाक मारल्यावर वळत नसेल, सारखे आवाज त्याला कधीच सारखे वाटत नसतील, कान वारंवार वाहत असेल, तर कान तपासून घ्यायला उशीर करू नका. तुमच्या मुलाबद्दल मला तशी शंका नाही, ‘फाडीवर’ म्हणणाऱ्याला चांगलं ऐकू येतं. पण सगळ्याच आयांनी हे ध्यानात ठेवावं म्हणून लिहिलं.

नवं पुस्तक आणाल त्या दिवशी मांजराचं पुस्तक कपाटात टाकू नका. दोन्ही त्याच्या हाताला येतील अशी खाली ठेवा. पहिले काही दिवस तो नव्याकडे ढुंकूनही बघणार नाही, तेव्हा आग्रह करू नका. तो जवळपास खेळत असताना तुम्ही एकट्याच नवं पुस्तक मोठ्यानं वाचत बसा, शेवटच्या शब्दाआधी थांबत थांबत.